शुक्रवारची फोडणी

जुन्नरच्या उद्योगशाळेचं कुणी कौतुक सुरू केलं की मी हळूच उठून बाहेर जातो. लोक म्हणतात, त्या काळात तिथं काय एकेक कारागीर तयार झाले! झाले, नाही कोण म्हणतं? मीही त्यातलाच एक. पुढं सरकारी बांधकामात माझा जन्म गेला. डाकबंगल्यांची दारं बसवली, पुलांच्या कमानींखाली लाकडी आधार उभे केले आणि पेन्शनीत निघालो. शाळेनं मला पोटाला लावलं, हे मी विसरलेलो नाही. पण शाळेचं नाव निघालं की मला शुक्रवार आठवतो आणि तोंड कडू होतं.

शाळा गावाबाहेर, कुकडी नदीच्या अंगाला होती. मुळात ते एका व्यापाऱ्याचं धान्याचं कोठार. मोठ्या दुष्काळात ते रिकामं झालं ते पुन्हा भरलंच नाही. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं ज्यांनी वर्षभर पाहिली होती, असे एक ओव्हरसियर निवृत्त होऊन तिथं आले. माणसाच्या हातात कसब असेल तर पाऊस गेला म्हणून तो मरणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यांनी पुण्यापर्यंत चपला झिजवून वर्गणी जमवली, कोठाराच्या भिंतीत खिडक्या पाडल्या, एका बाजूला सुतारकाम आणि दुसऱ्या बाजूला लोहारकाम सुरू केलं. आम्ही त्यांना साहेब म्हणत असू. गावातले लोक शाळेला शाळा म्हणायला तयार नव्हते. ते म्हणायचे कारखाना, आणि तेही नाक मुरडून.

मी आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचा. आमचं घर मेंढरांचं. दुष्काळात मेंढरं गेली आणि वडिलांच्या हातात नुसती काठी राहिली. कुणीतरी त्यांना उद्योगशाळेबद्दल सांगितलं आणि त्यांनी मला मंचर, नारायणगाव करत चालत जुन्नरला आणून सोडलं. गावच्या सुताराला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. म्हणाला, "धनगराचं पोर आता रंधा मारनार! मग मी काय मेंढरं हाकू?" वडिलांना बोलणं कधी जमलंच नाही.

शाळेत सकाळी रुळाच्या तुकड्यावर लोखंडी टोला पडायचा की आम्ही उठायचो. नदीवर आंघोळ, मग पाटीवर चित्रकाम, मग दिवसभर लाकूड नाहीतर लोखंड. दुपारी आमटी-भाकरी. पंगतीला जातवार तीन रांगा बसत आणि साहेबांना ते मुळीच आवडत नसे, पण वर्गणीदारांच्या भीतीनं ते तिकडं डोळेझाक करत. कामाच्या जागी मात्र रांगांचा प्रश्न येत नव्हता. मोठी करवत ओढायला दोन माणसं लागतात, एक इकडून, एक तिकडून. ज्याची त्याची जोडी साहेब स्वतः उंची बघून ठरवायचे.

माझ्या उंचीचा निघाला तो एका मुसलमान घरातला. जुन्नरात तेव्हा हातानं कागद करणारी घरं होती, त्यांतल्या एका घरातला. वयानं आम्ही बरोबरीचे, मिसरूड फुटलेले. पहिल्या दिवशी त्यानं करवतीची मूठ धरली आणि मला म्हणाला, "ढकलायचं न्हाई, राव. नुसतं वढायचं. परत वढायचं काम माझ्यावर सोड." मी म्हटलं, "आन् तुला कुनी शिकवलं?" तर म्हणाला, "कुनी न्हाई. करवतच सांगती." मला त्याचा रागच आला. पण पहिली फळी उतरली तेव्हा त्याच्या बाजूची कड सरळ होती आणि माझ्या बाजूची नागमोडी.

त्याचा हात जन्मतःच बसलेला होता, दुसरं काय म्हणू? आम्ही सांध्यासाठी लाकडाच्या टोकाला कुसू कापायचो, मग भोकात घालून पाहायचो, मग पुन्हा तासायचो, आणि शेवटी तो इतका सैल व्हायचा की पाचर मारावी लागायची. तो एकदाच कापायचा. तळहातानं ठोकला की कुसू आत जाऊन बसायचा आणि मग बाहेर काढता निघायचा नाही. मी त्याचा द्वेष करू शकलो असतो. पण तो माझं बिघडलेलं काम हळूच आपल्याकडं ओढायचा, आपलं झालेलं माझ्यापुढं सरकवायचा आणि वर चेष्टा करायचा, "मेंढरं कापली आसती तर बरं झालं आसतं रं तुझं." अशा माणसाचा द्वेष कसा करायचा?

आता फोडणीचं सांगतो. शाळेकडं लाकूड कमी. वर्गणीतून जे यायचं ते पुरवून पुरवून वापरावं लागे. म्हणून साहेबांनी एक नियम केला होता. विद्यार्थ्यानं काम करायचं, साहेबांनी ते काटकोनाचा गुण्या लावून तपासायचं आणि पसंत पडलं की कानामागचा खडू काढून त्यावर 'पास' लिहायचं. पास झालेलं काम शुक्रवारी दुपारी फोडायचं. चांगले तुकडे पुन्हा वापरायला, बारके तुकडे स्वयंपाकघराच्या चुलीला. नापास झालेलं काम मात्र राहायचं, कारण ते दुरुस्त करायचं असायचं. "हात शिकला की वस्तूचं काम संपलं," असं साहेब म्हणायचे. मोठं तत्त्वज्ञान होतं. आमची विद्या आमच्याच भाकरीखाली जळायची. पोरांनी त्याला नाव ठेवलं होतं, शुक्रवारची फोडणी.

नव्या माणसाला हे उलटं वाटेल, पण आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की पास म्हणजे कुऱ्हाड, हे आमच्या अंगात मुरलं होतं. एखादा आजारी पडला की पोरं म्हणायची, "पास हुतोय का काय ह्यो?" प्लेगाच्या दिवसांत ही थट्टा आपोआप बंद झाली.

फोडायचं काम हवालदाराकडं होतं. हवालदार म्हणजे शाळेचा शिपाई. पलटणीत असताना समुद्रापलीकडं जाऊन आलेला, एका पायानं लंगडा, म्हातारा. टोला देणं, पाणी भरणं, लाकूड फोडणं ही त्याची कामं. माणूस प्रामाणिक, पण अक्षरशत्रू. पहिल्या वर्षी त्यानं एकाचा अर्धवट चौरंग पास समजून फोडला आणि तो पोरगा रडरड रडला. साहेब हवालदाराला नको नको ते बोलले. तेव्हा माझ्या जोडीदाराला त्याची दया आली. त्यानं खडू घेतला, हवालदाराच्या कुऱ्हाडीच्या पात्यावर 'पास' लिहिलं आणि म्हणाला, "चाचा, ह्ये बघा. ह्यो प, ह्यो काना, ह्यो स. एवढं दिसलं तर हाना. न्हाई दिसलं तर हात लावायचा न्हाई." हवालदार आठवडाभर तो शब्द गिरवत होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यानं कोळशानं इतक्या वेळा 'पास' लिहिलं की स्वयंपाकीण वैतागली. सगळ्या आयुष्यात त्याला तेवढा एकच शब्द वाचता आला, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान होता!

शुक्रवारी दुपारी माझा जोडीदार शाळेत नसायचा. साहेब त्याला नमाजाला सोडायचे, मग तो घरी जेवून परत यायचा. त्यामुळं आपलं काम फुटताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मी मात्र दर शुक्रवारी पाहायचो. त्याच्या वस्तू फुटायला वेळ लागायचा.

मी एकदा ईदला त्याच्या घरी गेलो होतो. घरामागं जमिनीत बांधलेला हौद, त्यात पांढरट लगदा, आणि काठावर बसून त्याचे वडील एक लाकडी चौकट त्या पाण्यात बुडवून वर काढत होते. चौकटीवर बारीक काड्यांची चटई ताणलेली. पाणी गळून गेलं की चटईवर ओला कागद राहायचा. सणाच्या दिवशीही त्यांचं एवढं एक काम चालूच होतं. मला पाहून हात पुसत उठले, शिरखुर्मा दिला आणि हसत हसत मुलाला विचारलं, "तुझ्या दोस्ताफुडं सांग, ह्या म्हयन्यात काय केलं?"

"खुर्चीचा पाय केला, अब्बा."

"कुठाय?"

"फोडला."

"आन् त्याच्या आदी?"

"पेटीचं झाकन. ते बी फोडलं."

वडील माझ्याकडं वळून म्हणाले, "काय हो पावनं, तुमची शाळा हाय का खाटीकखाना?" आम्ही सगळे हसलो. त्याचा थोरला भाऊ सगळ्यांत मोठ्यानं हसला. घरात हे नेहमीचंच चाललेलं होतं. "कुठाय?" आणि "फोडला." त्या दिवशी तरी ती गंमत होती.

पुढच्या उन्हाळ्यात प्लेग आला. गाव रानात झोपड्या घालून राहिलं, शाळा बंद पडली, मी लोणीला गेलो. परत आलो तेव्हा जोडीदार करवतीपाशी उभा होता, पण डोकं उतरवून ठेवल्यासारखा. थोरला भाऊ गेला होता. त्याच्या वडिलांना आता हौदाचं काम एकट्यानं होत नव्हतं. तशात गिरणीचा कागद बाजारात आला होता, स्वस्त आणि पांढराफेक, आणि त्यांच्या गल्लीतले दोन हौद कोरडे पडले होते. वडिलांनी त्याला सांगितलं होतं, "दोन वर्सं झाली. काय शिकला ते डोळ्यांनी दिसूंदे. एक वस्तू आन. आनली तर शीक, मी कसं बी निभावतो. न्हाई तर हौदावर ये." मला वाटतं यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. दोन वर्षं मुलगा रोज सकाळी बाहेर जातो आणि रिकाम्या हातानं परत येतो, तर बापानं काय समजावं?

तो साहेबांकडं गेला. मी दाराबाहेर उभा होतो. साहेब म्हणाले, "तुझं काम ठेवलं तर सगळ्यांचं ठेवावं लागेल. लाकूड कुठून आणू? नियम म्हणजे नियम." तो खाली मान घालून बाहेर आला. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हा गडी खांद्यावर सागाचा खांब घेऊन हजर! बंद पडलेल्या हौदाच्या पडवीचा तो खांब, चुलत्यानं दिलेला. पुन्हा साहेबांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "ह्ये लाकूड शाळंचं न्हाई, साहेब. मग नियम लागतो का?"

साहेबांनी खांब बोटानं ठोकून पाहिला. मग हसले. ते हसले की फार चांगले दिसत, पण फार क्वचित हसत. म्हणाले, "मग ती वस्तूही शाळेची नाही. कर."

त्यानं वडिलांसाठी चौकट करायला घेतली. जुनी चौकट आजोबांच्या वेळची होती आणि सारखी पाण्यात राहून तिचे सांधे ढिले झाले होते. मी म्हटलं, चौकटच ना? चार लाकडं, चार कोपरे. तो म्हणाला, "तुला काय ठावं? खिळा मारायचा न्हाई. खिळा गंजला की कागदावर डाग पडतो. लाकूड फुगलं तरी कोपरा वाकडा व्हायला नको आन् वाळलं तरी उघडायला नको." दिवसभर शाळेचं काम करून सुट्टीच्या वेळात तो ती करायचा. कोपऱ्यात बोटांत बोटं अडकवावीत तसा सांधा घेतला आणि खिळ्यांऐवजी बांबूच्या बारीक चुका मारल्या. मग चौकट नदीत दगडाखाली बुडवून ठेवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. मध्ये चतुर्थी आली, आम्ही पोरं ओझरच्या गणपतीला निघालो, तर तोही चौकट खांद्याला अडकवून आमच्याबरोबर आला आणि आम्ही दर्शन घेऊन येईपर्यंत तिथं नदीकाठी ती भिजवत बसला. पोरांनी त्याला चिडवून बेजार केलं. एक म्हणाला, "निकाह लावतो का काय हिच्यासंगं?" तो म्हणाला, "लावीन की. तुमच्या वस्तूंवानी ही शुक्रवारी मरनार तर न्हाई." त्या दिवसांत त्याच्या तोंडावर पुन्हा रंग आला होता. मला बरं वाटत होतं.

चौकट झाली ती एका शुक्रवारी सकाळी. साहेबांनी चारी कोपऱ्यांना गुण्या लावला, डोळा मिटून कडेनं पाहिलं, पुन्हा लावला. मग सगळ्या वर्गाला बोलावलं. म्हणाले, "ही बघा. शाळा काढल्यापासून असं काम मी पाहिलं नव्हतं." जोडीदारानं सांगितलं की आज नमाज झाली की तो वडिलांना घेऊन येणार आहे. साहेबांना आनंद झाला. "जरूर आण. मी स्वतः त्यांना दाखवीन," ते म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा हात कानामागं गेला. खडू निघाला आणि चौकटीच्या वरच्या पट्टीवर त्यांनी भलं मोठं, सुबक 'पास' लिहिलं. बापानं वाचावं म्हणून. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

तो मशिदीकडं गेला. साहेबांना बाजारपेठेत आलेली फळ्यांची गाडी उतरवून घ्यायची होती, म्हणून ते आम्हा सुतारकामाच्या पोरांना घेऊन तिकडं निघाले. चौकट बाकावर भिंतीला टेकवून ठेवलेली. लोहारकामाची पोरं नदीवर गेलेली, कोठारात कुणी नव्हतं.

फळ्या डोक्यावर घेऊन मी सगळ्यांच्या पुढं परत आलो, तेव्हा फाटकापाशीच कुऱ्हाडीचा आवाज ऐकला. शुक्रवारी दुपारी तो आवाज असायचाच. मला काही वाटलं नाही. आत येऊन फळ्या उतरवल्या आणि पाहिलं तर हवालदार घामानं निथळत होता. पायाशी चौकट. तीन कोपरे उडाले होते, चौथा राहिला होता. मी ओरडलो असेन, पण कुऱ्हाड वर गेलेली होती ती खाली आली.

हवालदार घाम पुसत माझ्याकडं बघून हसला. म्हणाला, "तुज्या जोडीदाराचं काम हाये बग. फुटता फुटंना. लई चिवट केलंय पोरानं!" त्याच्या आवाजात कौतुक होतं. सकाळी टाळ्या वाजल्या तेव्हा तो नदीवर पाणी भरत होता. ही वस्तू वेगळी, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, दुसऱ्या कुणी सांगितलं असेल.

तेवढ्यात फाटकातून ते दोघं आले. वडिलांनी धुतलेला लांब सदरा घातला होता, डोक्यावर टोपी, डोळ्यांत सुरमा. सणाला निघावं तसे ते निघाले होते. मुलगा दोन पावलं पुढं. त्यानं आधी मला पाहिलं, मग हवालदाराला, मग जमिनीकडं पाहिलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. मला ते लिहायचं नाही.

वडिलांनी इकडं तिकडं बघत विचारलं, "कुठाय?"

वडिलांनी पुन्हा विचारलं. मग तो म्हणाला, "फोडलं, अब्बा."

आणि वडील हसले. रागावले असते तर परवडलं असतं. ते अगदी मऊपणानं हसले, लहान मुलाची जुनी सबब पुन्हा ऐकल्यावर आपण हसतो तसे. म्हणाले, "आज बी फोडलं? बरं."

मी मध्ये पडलो. खरं आहे, चाचा, ही बघा चौकट, तुमच्यासाठी केली होती, आज सकाळीच झाली, असं काहीबाही बोलत मी तुकडे गोळा करून त्यांच्यापुढं धरले. त्यांनी एक तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला. सांधा कुऱ्हाडीनं चेचलेला होता. त्यावरून काय कळणार? "ह्ये तर सरपन हाये, बेटा," ते मला म्हणाले आणि तुकडा नीट खाली ठेवला. तेवढ्यात साहेब आले. काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते पांढरे पडले. त्यांनी सगळं सांगितलं. असं काम मी आजवर पाहिलं नव्हतं, असं शपथेवर सांगितलं. वडिलांनी दोन्ही हात जोडले. "साहेब, तुमी पोराची बाजू घेता, लई मोठं मन हाये तुमचं," ते म्हणाले. साहेबांच्या एका अक्षरावर त्यांचा विश्वास बसला नाही. भला माणूस पोराची अब्रू झाकतो आहे, असंच त्यांना वाटलं. मग मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चल. हौदावर काम हाये."

तो गेला. जाताना त्यानं आपली पटाशी पुसून बाकावर ठेवली, एवढंच. मागं वळून पाहिलं नाही. मी त्याच्या मागं फाटकापर्यंत धावलो. तो म्हणाला, "जा राव. फळ्या भिजतील, आत घे." आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

मी परत आलो तर हवालदार जमिनीवर बसला होता. त्यानं खडूचं अक्षर असलेला तुकडा शोधून काढला होता आणि त्यावर बोट फिरवत होता. त्यानं मला विचारलं, "पासच व्हतं ना रं? मी नीट वाचलं ना?" मी म्हटलं, हो, नीट वाचलंत. दुसरं काय सांगणार होतो?

साहेब पुढच्या आठवड्यात आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही त्याच्या घरी गेले. वडिलांनी त्यांना बसायला सतरंजी घातली, पाणी दिलं आणि मुलाला पाठवायला गोडीनं नकार दिला. मुलालाही साहेबांनी विचारलं. पुन्हा कर, लाकूड मी देतो, म्हणाले. तो म्हणाला, "नगं. आता केली तर अब्बांना वाटंल, तुमीच करून दिली." त्यानंतर साहेबांनी फोडणीचा नियम काढून टाकला. पुढच्या वर्गांच्या खुर्च्या, पेट्या, दारं राहिली. कचेऱ्यांत गेली, देवळांत गेली, त्यांची वाहवा झाली, आणि लोक ज्या उद्योगशाळेचे गोडवे गातात ती हीच. हवालदार त्यानंतर वर्षभर टोला देत राहिला. कुऱ्हाड मात्र त्यानं पुन्हा धरली नाही, स्वयंपाकघराचं लाकूड आम्ही पोरंच फोडायचो.

मी शिकून बाहेर पडलो, नोकरीला लागलो, बदल्या झाल्या. बऱ्याच वर्षांनी कामाच्या निमित्तानं जुन्नरला गेलो तेव्हा त्याच्या घरी गेलो. गल्लीत आता एकच हौद ओला होता, त्याचा. तो काठावर बसलेला. हात पाण्यात राहून पांढरे पडले होते, बोटांची कातडी सुटली होती. मला पाहून त्याला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. वडील आत खाटेवर होते. दृष्टी गेली होती, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि नोकरी कशी आहे विचारलं.

त्याच्या हातात आजोबांची तीच चौकट होती. चारी कोपरे सुतळीनं आवळून बांधलेले. आमच्या शाळेतला सगळ्यांत बसलेला हात, आणि तो सुतळी बांधून काम करत होता! माझं डोकंच फिरलं. मी त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, लाज वाटत नाही का तुला? तू करत नसशील तर मी करतो. माझ्याकडं साग आहे, हत्यारं आहेत, चार दिवसांत आणून देतो.

त्यानं आतल्या खोलीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"नगं, राव. तू केलीस तर ती टिकंल. मग अब्बा हात फिरवून बघतील आन् मला इचारतील, दोगं संगंच शिकत व्हता ना, मग ह्याला आलं आन् तुला का न्हाई आलं?"

त्यानं चौकट पाण्यात बुडवली, वर काढली आणि पाणी गळून जाईपर्यंत तशीच धरून ठेवली.